एकोणीस नंबरची लाईन

तुमच्या घरातल्या राउटरला तुमचं नाव माहीत आहे का?

हसू नका. भिंतीवरच्या त्या हिरव्या दिव्यांच्या डबीकडं एकदा बघा आणि मग उत्तर द्या. घरात चार फोन असले तरी बाहेरच्या जगाला ते चार दिसत नाहीत. एकच नंबर दिसतो, घराचा. आतल्या चौघांपैकी कुणी काय मागितलं याची यादी ती डबी स्वतःपाशी ठेवते, आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला वाटून देते. बहुतेक घरांत ती यादी कुणी कधी उघडत नाही. वाळूजच्या कारखान्यांलगतच्या बजाजनगरात मी ज्या इमारतीत भाड्यानं राहिले, तिथं ती रोज सकाळी उघडली जायची आणि निळ्या शाईनं एका जाड रजिस्टरात उतरवली जायची.

उतरवणारे गृहस्थ आमचे घरमालक होते. त्यांच्याविषयी 'तो' लिहावं की 'ते', इथं मी बराच वेळ अडले. एका पत्रकात मी त्यांना 'तो' लिहिलं होतं. त्या पत्रकाचं पुढं येईल. इथं 'ते' लिहिते.

सगळे त्यांना काका म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली, आधी खांबावर, मग बोर्डापाशी, मग तारांच्या फ्रेमपुढं. वरच्या पुढच्या दाताला बारीक खाच होती. आयुष्यभर तारेवरचं प्लास्टिक दातानं सोललं की तशी खाच पडते. कुणी नवीन भेटलं की ते ओठ वर करून ती दाखवायचे.

"पक्कड असताना दात कशाला लावायचा काका?" मी एकदा विचारलं.

"पक्कड तार कापती," ते म्हणाले. "दाताला कळतं कुठं थांबायचं."

थांबायचं कुठं हे त्यांना फक्त दातानं कळायचं. ते मला फार उशिरा कळलं.

राउटर त्यांनी जाळीच्या कपाटात ठेवला होता. काकू होत्या तेव्हा त्या कपाटात दूध आणि लोणी असायचं. काकू गेल्यावर वरच्या फळीवर राउटर आला, मधल्या फळीवर जुना संगणक, आणि खाली लोण्याची रिकामी बरणी तशीच राहिली. हवा खेळती राहते आणि कुणाची बोटं लागत नाहीत, हे त्यांचं कारण. एप्रिल-मे महिन्यात कपाटावर ओलं फडकं टाकून ठेवायचे. दर गुरुवारी अंघोळ झाली की ते जिन्याच्या लोखंडी कठड्यावर पान्यानं तीन ठोके द्यायचे आणि ओरडायचे, "पाच मिनिटं लाईन बंद." वरून कुणीतरी शिवी घालायचं. पाच मिनिटं म्हणजे पाचच मिनिटं. मग परत तीन ठोके.

भाडेकरूंना ते नावानं हाक मारत नसत. आतल्या यादीत प्रत्येकाचा नंबर ठरलेला होता. एक नंबर राउटरचा, दोन काकांचा, दहापासून पुढं आम्ही. मी अठरा. माझ्या खोलीतली मैत्रीण नसरीन एकोणीस. "अठरा, पाण्याची मोटर बंद कर." "एकोणीस, तुझं कुरियर आलंय."

"काका, मेरेकू नाम है ना," नसरीन म्हणायची.

"नाव लई जणींचं असतंय. नंबर एकाच बाईचा."

आम्ही दोघी वाळूजच्या एकाच कंपनीत होतो. गाड्यांच्या पोटातल्या तारांचे जुडगे बांधायचं काम. खोली शोधत होतो तेव्हा नसरीनचं नाव ऐकलं की खोली नुकतीच गेलेली असायची. काकांच्या दारात उभ्या राहिलो तेव्हा त्यांनी ना जात विचारली, ना गाव, ना कांदा-मटणाचं.

"फोन दाखवा," म्हणाले.

नसरीन माझ्या कानाशी लागली. "फोन कायकू पूछ रै ये?"

काकांना ऐकू गेलं. "फोनचा जन्मनंबर लागतो. चावी नंतर. आधी लाईन."

जन्मनंबर म्हणजे प्रत्येक यंत्राला कारखान्यातच मिळालेली ओळख. तो त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत रजिस्टरात लिहिला, आमच्या सह्या घेतल्या आणि मगच खोली दाखवली. सहा घरांनी आम्हांला माणूस म्हणून नाकारलं होतं, आणि या माणसानं नंबर म्हणून घेतलं. त्या दिवशी मला ते आवडलं. हे नमूद करून ठेवते, कारण पुढं मी त्यांच्याविषयी जे लिहिलं त्यात हे नव्हतं.

आता थोडं माझ्याविषयी, नाहीतर मी जे केलं ते कळणार नाही. मी पत्रकांवर वाढले. आई अंगणवाडीत होती. मोर्च्याच्या आधी आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे येत, ओल्या शाईचा वास घेऊन. मी जोडाक्षरं शिकले ती 'भगिनींनो' या शब्दात. पत्रकाच्या तळाशी छापखान्याचं नाव असे, संघटनेचं असे, लिहिणाऱ्याचं नसे. मी विचारलं तर आई म्हणाली, "नाव टाकलं की ते एका बाईचं होतं. नाव नसलं की सगळ्यांचं." हे वाक्य मी देवाच्या फोटोसारखं बरोबर घेऊन फिरले. त्याच्यामागं काय काय लपवता येतं, हे आईनं सांगितलं नव्हतं. कदाचित तिला कधी लपवावं लागलं नसेल.

राउटरचं म्हणाल तर तो आम्ही दोघांनी मिळून लावला, काकांनी आणि मी. केबलवाल्यानं दिलेल्या डबीतून जोडणी यायची, ती काकांच्या राउटरला, तिथून आम्हां सगळ्यांना. पण मधेच सगळं अडकायचं. वरच्या मजल्यावरच्याचा खेळ तुटायचा, आमचं कंपनीचं पगारपत्रकाचं पान अर्धं उघडायचं. केबलवाला म्हणाला, "चालतंय ना काका, मग कशाला उकरता?" असं वाक्य काकांना सहन होत नसे. सलग तीन सुट्ट्या आम्ही त्या कपाटासमोर बसलो. राउटरच्या पानांवरची इंग्रजी मी वाचायची, अर्थ सांगायचा, आणि ते पेन्सिलीनं कागदावर चौकोन आणि बाण काढायचे.

"नेटवर्क अॅड्रेस ट्रान्सलेशन," मी वाचलं. "पत्त्याचं भाषांतर."

"भाषांतर कसलं?" ते म्हणाले. "ही बोर्डावरची बाई हाय. साहेबाच्या कचेरीत बाहेरून एकच नंबर यायचा, आत तीस टेबलं. मधी बोर्डावर बाई. कुणाचा फोन कुणाला, तिच्या डोक्यात. आतला साहेब बाहेर लावतो, तर पलीकडच्याला कचेरीचा नंबर दिसतो, साहेबाचा नाय." मग त्यांनी आपल्याच चित्रावर बोट आपटलं. "इथं दोन बाया बसवल्यात. केबलवाल्याच्या डबीत एक, आपल्या डबीत एक. एकीचं दुसरीला ठाव नाय. म्हणून तुटतंय."

हाच बिघाड होता. पत्त्यांची अदलाबदल दोनदा होत होती. काकांनी केबलवाल्याच्या डबीतली सोय बंद करायला लावली, तिला नुसती नळी केली, आणि अदलाबदल फक्त आपल्या राउटरकडं ठेवली. वर हट्टानं जास्तीचे पैसे भरून बाहेरचा नंबर कायमचा घेतला. घरगुती जोडणीला तो एरवी अधूनमधून बदलतो. "एक्स्चेंजचा नंबर रोज बदलत नसतो," ते म्हणाले. त्या कायमच्या नंबराचा त्यांना इतका अभिमान, की दाराच्या चौकटीवर घरक्रमांकाखाली तो रंगानं काढून घेतला. पोस्टमन तो वाचून दर वेळी गोंधळायचा.

तिसऱ्या दिवशी सगळं सुरळीत लागलं तेव्हा मी खुशीत म्हणाले, "काका, ही तर युनियन झाली. बाहेर सगळे एक."

"युनियन नाय. युनियनची यादी हरवती. ही हरवत नाय."

मी तिथंच भांडायला हवं होतं. भांडले, पण थोडंच. म्हणाले, घरातल्या राउटरच्या नोंदी कशाला ठेवता? तो राउटर दर जोडणीची एक ओळ त्या जुन्या संगणकाकडं पाठवायचा, आणि चहा झाला की काका ती रजिस्टरात उतरवत: किती वाजता, आतला कोणता नंबर, बाहेरच्या कोणत्या नंबराशी. कुणी काय वाचलं, काय लिहिलं, ते नाही.

"नोंद नसली तर बिघाड कुठं शोधायचा?"

"आणि उद्या कुणी येऊन विचारलं तर?"

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "बोर्डावर बसलो की कान बंद. कोण काय बोललं ते मरेपर्यंत सांगायचं नाय. पर लाईन कुणाची, हे सांगायचं असतंय. ते गुपित नसतंय पोरी, ते रेकॉर्ड असतंय."

जोडणी वेगवान होती आणि भाड्यातच होती. तत्त्वाचा मुद्दा पुढच्या सुट्टीवर ढकलला.

नसरीनवर त्यांचा जीव होता. तिनं एकदा त्यांच्यासमोर तारेचं टोक सोललं, आतला एकही धागा न तोडता, आणि काका बघत राहिले. मग त्यांनी तिला टेलिफोनच्या केबलमधल्या रंगांचा क्रम शिकवला: निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, करडा. तिनं एकदा ऐकून उलटा म्हणून दाखवला. "आमच्या खात्यात असतीस तर फ्रेम तुझ्या ताब्यात दिली असती," ते म्हणाले. नसरीन दिवसभर तो रंगांचा क्रम गुणगुणत होती. तिचं घर कन्नड तालुक्यात. घरच्यांनी तिला एका अटीवर शहरात ठेवलं होतं: कंपनीत कायम झाली तर राहा, नाहीतर परत ये, स्थळं बघून ठेवली आहेत. आम्हां दोघींची कायम करण्याची पत्रं त्याच सुमारास निघायची होती. माझ्यासाठी ते पत्र म्हणजे नोकरी होती. तिच्यासाठी ते दाराची कडी होतं.

कंपनीत तारेच्या टोकाला चाप दाबून बसवायचं एक यंत्र आहे. त्याच्या तोंडावर झाकण असतं. झाकण उघडं असलं तर यंत्र चालत नाही. उत्पादनाचा आकडा गाठायला ते झाकण प्लास्टिकच्या पट्टीनं उघडंच बांधून ठेवलं होतं आणि आतला खटका चिकटपट्टीनं दाबून. सगळ्यांना माहीत होतं. एके दिवशी आमच्या ओळीतल्या एका बाईच्या बोटाचं पेर त्यात गेलं. सुपरवायझरनं ते 'निष्काळजीपणा' म्हणून लिहिलं.

कँटीनमध्ये कंपनीचा फलक होता: 'न घाबरता बोला. तुमचं नाव गुप्त राहील.' खाली मोबाईलनं टिपायचा चौकोन. त्यातून तक्रारीचं पान उघडायचं. नाव मागत नव्हतं. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. पत्रकांवर वाढलेली मी, मालकाच्या भिंतीवरच्या पत्रकावर विश्वास ठेवून बसले.

माझा फोन पडून फुटला होता, दुरुस्तीला दिला होता. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी नसरीनला म्हणाले, "जरा दे ना गं, एक लिहायचंय." तिनं विचारलं नाही काय ते. बांधलेल्या झाकणाचा फोटो मी आधीच तिच्या फोनवर काढून ठेवला होता. मी पलंगावर बसून मन लावून लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. पाठवलं आणि फोन परत दिला.

आठवड्यात झाकणाची पट्टी सुटली. त्यानंतरच्या आठवड्यात झाकण पुन्हा बांधलं गेलं, या वेळी पारदर्शक पट्टीनं, फोटोत दिसू नये म्हणून.

आणि मग कंपनीच्या कार्मिक विभागातला माणूस आमच्या दारात आला. कसा आला, ते मला नंतर उमगलं, आणि ते तुम्हीही समजून घ्या. तक्रारीच्या पानानं नाव घेतलं नव्हतं, पण बाहेरचा नंबर टिपून ठेवला होता. आम्ही पगारपत्रकं बघायला कंपनीच्या पानावर नावानिशी जायचो, तेही त्याच नंबरावरून. तो नंबर काकांच्या हट्टापायी कधी बदललाच नव्हता. दोन याद्या शेजारी ठेवल्या की आमची इमारत सापडत होती. माणूस सापडत नव्हता. तो सापडायला आतली यादी लागत होती.

मी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली काका ओट्यावर. तो माणूस फार अदबीनं बोलला. हातात कागद होता: तारीख, वेळ, बाहेरचा नंबर. काकांनी कागद डोळ्यांशी धरला, आणि त्यांचा चेहरा उजळलेला मी वरून पाहिला. खातं सुटल्यापासून त्यांच्याकडं कुणी असा नीट भरलेला कागद घेऊन आलं नव्हतं. त्यांच्या रजिस्टरची गरज आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी पडली होती.

"बसा साहेब. बघून सांगतो."

त्यांनी पानं उलटली, बोट फिरवलं. "एकोणीस नंबरची लाईन."

"एकोणीस म्हणजे कोण काका?"

नाव त्यांनी उच्चारलं नाही. रजिस्टर फक्त त्या माणसाकडं फिरवलं.

मी वरून ओरडू शकले असते. हातात ओला दुपट्टा होता, नसरीनचाच. काका पानं उलटत होते तेव्हा माझं काळीज थांबलं होतं, आणि 'एकोणीस' ऐकलं तेव्हा ते परत चालू झालं. मला सुटल्यासारखं वाटलं. हा शब्द मी आजवर कुठंही लिहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नसरीनला आत बोलावलं. संध्याकाळी ती खोलीवर आली, चप्पल काढली, माठातलं पाणी प्यायली.

"बोले, इत्ता अच्छा मराठी तू नै लिख सकती. पूछे, फोन किसने लिया था. नाम बोल, तेरा काम रहेगा बोले."

"मग?"

"मैं बोली, मेरा फोन मैं किसीकू नै देती." ती हसली. "झूठ बोलना भी नै आता मेरेकू. सब कू तो देती."

"मी उद्या जाऊन सांगते."

"अब्बी नक्को. तेरा कागज भी आनेवाला है. दोनों जाके क्या करेंगे? एक तो रहने दे."

ती 'अब्बी' म्हणाली होती. आत्ता नको. मी त्या शब्दावर घर बांधून राहिले. कंपनीनं तक्रार तिच्याच नावावर लिहिली आणि तिला काढलं. चार दिवसांनी तिचा भाऊ आला आणि तिची ट्रंक घेऊन गेला. जाताना तिनं काकांच्या दारात उभं राहून विचारलं, "काका, मेरा नंबर अब किसकू देंगे?" काका वळले. आत जाऊन जाळीचं कपाट उघडून उभे राहिले.

मला पत्र मिळालं. मी कायम झाले.

आता ते पत्रक. मी ते त्याच आठवड्यात लिहिलं, शिफ्ट संपवून, रागाच्या भरात. तो राग खरा होता; फक्त त्याचा पत्ता चुकीचा होता. 'खबऱ्या घरमालकापासून सावध राहा.' त्यात लिहिलं की आमच्या एका भगिनीनं निर्भयपणे तक्रार केली आणि या माणसानं मालकाला तिचं नाव विकलं. 'विकलं' हा शब्द मी घातला. त्यांनी एक कप चहासुद्धा घेतला नव्हता. 'आमच्या एका भगिनीनं तक्रार केली' हेही मीच घातलं, म्हणजे कंपनीनं जे खोटं लिहिलं होतं ते मी दुसऱ्यांदा छापलं. तळाशी सही: एक कामगार भगिनी. प्रती काढून फाटकावर, चहाच्या टपरीवर, कंपनीच्या बसथांब्यावर डकवल्या.

पंधरा दिवसांत निम्मी इमारत रिकामी झाली. कुणीतरी बाहेरून येणारी तार कापली. काकांनी जोडली, परत कापली. मग त्यांनी जोडली नाही. त्याच सुमारास ते सलग तीन दिवस, खांद्याला खाकी पिशवी लावून, पिशवीत रजिस्टर घालून आमच्या कंपनीच्या गेटवर येऊन बसलेले दिसले. बायका विचारायच्या, हा म्हातारा इथं कशाला? मी म्हणायचे, बक्षीस मागायला आला असेल. हे मी बसमध्ये, मोठ्यानं, चार जणींना ऐकू जाईल असं म्हणाले.

त्यांच्याशी मी एकदाच समोर भांडले होते, पत्रकाच्या आधी.

"तुम्ही नाव दिलंत."

"नाव नाय दिलं. लाईन दाखवली."

"एकच झालं ते."

"बिल लाईनच्या नावावर येतंय पोरी. फोन कुणी उचलला, ते खातं बघत नाय." असं म्हणताना मात्र त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं.

मी खोली सोडली तेव्हा त्यांचा दस्तूर पुरा करावा लागला. जाणाऱ्यानं आपला नंबर परत केल्याची सही करायची. लाईन कधीच बंद पडली होती, तरी सही करायची. ओट्यावर त्यांनी रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं आणि सहीचं पान न उघडता आधीचं एक पान उघडलं. त्या दुपारचं.

एकोणीस आकड्यावर एक सरळ रेघ मारली होती. खात्यात खाडाखोड चालत नाही. एक रेघ मारायची, शेजारी बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. शेजारी लिहिलं होतं: 'नोंद चुकीची. लावणाऱ्याचा नंबर सापडत नाही.' खाली सही.

त्याच पानाच्या वरच्या कोपऱ्यात, दोन दिवस आधीच्या तारखेची ओळ होती, मीच सांगितल्यावरून त्यांनी लिहिलेली: 'नं. १८ दुरुस्तीला.'

मी वर बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. एका खोलीतल्या दोन लाईनींपैकी एक बंद असेल तर दुसरीवरून कोण बोलतं, हे त्या माणसाला सांगावं लागत नव्हतं. त्यांना उशिरा सुचलं, एवढंच.

"गेटवर गेलो तीन दिवस," ते म्हणाले. "म्हणलं, नोंद चुकली, दुरुस्त करा, त्या पोरीला परत घ्या. साहेब म्हणला, मग खरा कोण ते सांगा. म्हणलं, सापडत नाय. हसला तो. म्हणला, मग एकोणीसच राहू द्या."

"का नाही सांगितलंत?"

"एकदा सांगून बघितलं की."

त्यांच्या साऱ्या नोकरीतली ती पहिली खोटी नोंद होती, आणि ती माझ्यासाठी होती. दाताला जे कळायचं ते त्यांना कळलं होतं, पण तार तुटल्यावर.

मग त्यांनी पुढचं पान उलटलं. तिथं माझं पत्रक खळीनं नीट चिकटवलेलं होतं, आलेला कागद म्हणून, तारखेसकट. 'एक कामगार भगिनी' या शब्दांपुढं पेन्सिलीनं बारीक आकडा होता: १८. खात्री नसलेली नोंद ते पेन्सिलीनं करत. खात्री झाली की शाईनं गिरवत.

त्यांनी रबर आणि शाईचा पेन, दोन्ही माझ्यासमोर ठेवले. "गिरवायचं का खोडायचं, तू बघ. माझं काम नाय ते." आणि पाणी प्यायला आत गेले. मुद्दाम गेले. मी एकटी असावी म्हणून.

मी खोडलं.

रबराचा चुरा फुंकरीनं उडवला, सही केली, आणि ते बाहेर यायच्या आत फाटकातून बाहेर पडले. पुढं त्यांनी इमारत विकली आणि लेकीकडं गेले, असं कळलं. चौकटीवरचा तो रंगवलेला नंबर नव्या मालकानं अजून पुसलेला नाही. आता तो कुणाचाच नाही. काका हयात आहेत का, मला माहीत नाही. मला ते आवडत होते असं आज म्हणणं सोपं आहे, म्हणून म्हणत नाही. त्यांनी एक चूक केली आणि ती दुरुस्त करायला उन्हात तीन दिवस बसले. मी माझी चूक ज्या दिवशी केली त्या दिवसापासून ती चालवत आले, महिन्याच्या महिन्याला पगार घेत.

नसरीनविषयी दोन गोष्टी ऐकू येतात. एक, तिचं लग्न लावून दिलं. दुसरी, ती घरच्यांशी भांडून शेंद्र्याला कुठल्यातरी कंपनीत लागायचा प्रयत्न करते, पण दर वेळी नवी कंपनी जुन्या कंपनीला फोन लावते, आणि तिकडून सांगतात, तक्रारखोर आहे. दोन्हींपैकी खरं काय, मला कळलेलं नाही. नसरीन हे तिचं खरं नावही नाही. तिचं नाव न विचारता छापायचा हक्क मी घेणार नाही. तिचा फोन न विचारता वापरला, तेवढं पुरे.

ही पहिलीच वेळ, की मी लिहिलेल्या कागदावर माझं नाव आहे. या लेखाच्या माथ्यावर छापलंय ते पूर्ण आणि खरं आहे. कंपनी ते वाचेल. वाचू दे.

म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे. तुम्ही शेंद्र्याला किंवा वाळूजला तारांच्या कामावर असाल, आणि तुमच्या टेबलावर एखादी मुलगी एकही धागा न तोडता तार सोलत असेल, काम करता करता निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, करडा असं गुणगुणत असेल, तर हे पान तिच्या हातात द्या. आणि तुम्ही भरतीच्या टेबलावर बसत असाल, तिच्या कागदांमध्ये तो शेरा असेल, तर हे पान त्या शेऱ्याला टाचून ठेवा. प्रती काढताना वरचा भाग कापायची आपल्याकडं सवय आहे, जागा वाचते म्हणून. तो कापू नका. अठरा नंबर तिथं शाईनं लिहिला आहे.